पहिली कॉर्व्हेट घेताय? आधी खाली वाकून बघा

1966 ची कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची जुनी अमेरिकी स्पोर्ट्स कार, घेऊन ती मूळ पार्टसह पुन्हा उभी करायची म्हणताय! छान, जरूर करा. फक्त रंगावर भाळू नका. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. पण खालची फ्रेम आणि पुढच्या काचेभोवतीचा सांगाडा पोलादी, तो आतून सडतो. टॉर्च घेऊन खाली सरका. मागच्या चाकापुढे फ्रेम वर वळते, तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचा. गंजाचे पापुद्रे सुटले तर गाडी सोडून द्या. माझी पहिली गाडी बाहेरून चकचकीत होती; दोन वर्षं नुसत्या वेल्डिंगमध्ये गेली.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- इंजिनवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, नंबर ठोकलेली सपाट पट्टी असते. ती कापडानेच पुसा. सँडपेपर लावलात तर मूळ खुणा कायमच्या गेल्या.
- पार्टवरची ओतकामाची तारीख, म्हणजे तो साच्यात ओतला तो दिवस, न बघता खरेदी. 'सी 14 6' म्हणजे 14 मार्च 1966. ए म्हणजे जानेवारी, तसं पुढे. ही तारीख गाडी तयार झाली त्याच्या आधीचीच हवी.
- उत्साहात सगळी गाडी खोलणं. एकेक भाग घ्या, फोटो काढा, नटबोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा.

जुना पार्ट फेकू नका, मोडका असला तरी. कार्ब्युरेटर, रंग नंतर बघू. आधी ब्रेक.