अंडाशये काढल्यावरही हार्मोनरोधक गोळी कशासाठी?

प्रश्न : माझ्या आईचे (वय 58) अंडाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. दोन्ही अंडाशये व गर्भाशय काढले, नंतर केमोथेरपीही पूर्ण झाली. रिपोर्टमध्ये ‘लो-ग्रेड सीरस कार्सिनोमा, ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. आता डॉक्टरांनी रोज लेट्रोझोलची एक गोळी सुरू केली आहे. औषधाच्या दुकानात ही स्तनाच्या कर्करोगाची गोळी असल्याचे सांगितले. अंडाशयेच नसताना हार्मोन रोखून काय साधणार?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दुकानात सांगितले ते खरे आहे, पण अपुरे आहे. अंडाशये काढल्यावर इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत संपतो, तरी ते शरीरात तयार होणे पूर्ण थांबत नाही. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोजेन हार्मोनांचे, विशेषतः चरबीच्या ऊतींमध्ये, अॅरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करत राहते. हे इस्ट्रोजेन कर्करोगाच्या पेशीतील ग्राहीला (रिपोर्टमधील ‘ईआर’ म्हणजे तोच, इस्ट्रोजेन रिसेप्टर) जाऊन चिकटले, की पेशीला वाढीचा संदेश मिळतो. लेट्रोझोल त्या विकराचेच काम बंद पाडते. टॅमॉक्सिफेनची रीत वेगळी आहे : ते ग्राहीवर स्वतः जागा अडवून बसते. दोन्ही औषधांचा उद्देश पेशी थेट मारण्याऐवजी त्यांची वाढ रोखण्याचा असतो, आणि म्हणूनच केमोनंतर ती दीर्घकाळ दिली जातात.

मात्र रिपोर्टमधील ‘लो-ग्रेड’ हा शब्द नजरेआड करू नये. माझ्या मते सारा निर्णय त्यावरच उभा आहे. हा प्रकार सावकाश वाढतो, केमोला फारशी दाद देत नाही आणि बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्ह असतो. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने 2017 मध्ये अशा 203 रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्राथमिक उपचारांनंतर हार्मोनरोधक औषध घेतलेल्यांमध्ये आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत आजार वाढायला लागलेला काळ) 64.9 महिने, तर न घेतलेल्यांमध्ये 26.4 महिने आढळला. एकूण आयुर्मानातील फरक मात्र निर्णायक ठरला नाही, आणि जुन्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षाला मर्यादा असतातच. अधिक प्रमाणात आढळणाऱ्या हाय-ग्रेड प्रकारात या औषधांनी गाठ आकसण्याचे प्रमाण कमीच आहे, त्यामुळे ओळखीतल्या दुसऱ्या रुग्णाला ही गोळी मिळाली नाही म्हणून शंका घेऊ नये.

गोळीमुळे सांधे दुखणे, अंगातून गरम वाफा येणे आणि हाडे विरळ होणे हे त्रास संभवतात. सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी आणि कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारावे. वाफांचा त्रास असह्य झाला तरी परस्पर इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेऊ नयेत, कारण जे रोखायचे तेच त्यातून शरीरात जाते. प्रकाराच्या निदानाबद्दल मनात किंतु असेल, तर पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून स्लाइड व ब्लॉक (गाठीच्या ऊतीचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्यावेत आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात त्यांची फेरतपासणी करून घ्यावी. तोवर गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.