नव्याने वकिलीची सनद घेतलेल्या मैत्रिणीला

सीनियरांनी नुसती तारीख मागायला उभं केलं, तरी फाइल वाचून जा. न्यायाधीश मध्येच "मुद्दे निघालेत का?" (म्हणजे निकाल कशाकशावर द्यायचा ते प्रश्न ठरलेत का) असं विचारतात, तेव्हा उत्तर तुझ्याकडे हवं. निम्मा आत्मविश्वास तिथेच येतो.

"मॅडम, तुम्ही पोटगीचीच कामं बघा," असं बरेच जण सुचवतील. ती घेच, पण एक तरी दिवाणी दावा कैफियतीपासून, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरापासून, युक्तिवादापर्यंत स्वतः चालव. उलटतपासणी नुसती बघून येत नाही. सीनियरांकडे एखादा पंच किंवा तलाठी साक्षीदार उलटतपासणीसाठी मागून घे. प्रश्न आदल्या रात्री लिही आणि हवं ते उत्तर मिळालं की खाली बस. "अजून एकच प्रश्न" म्हणत चांगली साक्ष बिघडवणारे मी खूप पाहिलेत, त्यात नावाजलेलेही.

वकीलपत्रावर तुझं नाव आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) हजेरी हवीच. मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेला किमान ३ वर्षं वकिली लागते, ती बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. तेव्हा पुरावा आत्तापासून जमव.

फी आधी ठरव, लेखी.

नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा मात्र १९२३चा. बाररूममधली खुर्चीही अशीच उशिरा मिळते, म्हणून वकील संघाच्या निवडणुकीला उभी राहा. सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघाच्या कार्यकारिणीत २०२४ पासून महिलांना एक तृतीयांश जागा आहेत. तुमच्याकडे 'महिला प्रतिनिधी' म्हणून एकच पद देऊ केलं, तर खजिनदारपदाचा अर्ज भर.