अटोनल म्हणजे बेसूर? छे, बिनताणाचा!

सोलापुरातल्या एका विज्ञानाच्या बाईंनी विचारलंय : कानाच्या सर्वांत आतल्या भागाला 'अंतर्कर्ण' लिहावं की 'आंतरकर्ण'? आणि तिथल्या पेशी घडवणाऱ्या 'अटोनल' जनुकाला मराठीत 'बेसूर' म्हणावं का, कुणा जाणकाराने तसं सुचवलंय.

पहिल्याचा निकाल लगेच. 'अंतर्कर्ण' चूक. 'अंतर्गत'मध्ये र् टिकतो, कारण पुढे मृदू ग आहे. पुढे कठोर क आला की विसर्ग. म्हणून अंतःकरण, म्हणून अंतःकर्ण. 'आंतरकर्ण'ही चालेल. 'पुनर्परीक्षा' छापणाऱ्यांना हेच सांगून माझा घसा बसलाय.

आता 'बेसूर'. जाणकार एक पायरी आधीच थांबले! हे नाव मुळात फळमाशीचं. ज्या माशीत हे जनुक बिघडलं, तिच्यात 'कॉर्डोटोनल' (शरीरातला ताण टिपणारी) इंद्रियंच तयार होत नाहीत, म्हणून ती 'अ-टोनल'. (फळमाशीच्या जनुकांची नावं बऱ्याचदा अशीच पडतात, नसल्यावर काय बिघडतं त्यावरून.) कॉर्ड म्हणजे तार आणि ग्रीक 'टोनॉस' म्हणजे ताण. सूर नंतर आला, ताणलेल्या तारेतून. टोनॉस आणि आपला 'तन्' धातू सख्खे भाऊ : तंतू, तान, ताणणे आणि सोलापूरच्या विणकरांच्या साखर पेठेत रोज कानावर पडणारा 'ताणा', म्हणजे मागावरचे उभे धागे. टॉवेलला तर ताणे दोन, एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याचीच वेटोळी वर उठतात.

उंदरातल्या सगोत्र जनुकाचं नाव अटोह१. ते काढून टाकलं तर अंतःकर्णात केसपेशी बनतच नाहीत, हे 1999 साली दिसलं. आणि या पेशी ऐकतात कशा? त्यांच्या डोक्यावर बारीक काड्यांचा तुरा असतो, आखूड काडीचं टोक शेजारच्या लांब काडीला एका धाग्याने बांधलेलं. आवाजाने तुरा कलला की धागा ताणला जातो, दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात. म्हणजे ऐकणं हा अक्षरशः ताण्याचा धंदा! याला 'बेसूर' म्हणायचं? 'अताण' म्हणा. कोशवाले नाकं मुरडतील, मुरडू देत.

बाई, वर्गाला हे दाखवायचं तर पोरांना यंत्रमागाच्या शेडमध्ये न्या, ताणा हाताने चाचपू द्या. कानात इअरप्लग मात्र घालून, कारण मोठ्या आवाजाने केसपेशी मरतात. कोंबडीच्या केसपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात, आपल्या नाही.