आधी दुसरा बोया शोधा

पाणी आणि गळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र नागपूरच्या मनीषनगरचे. दोन कयाक (वल्ह्याच्या अरुंद, छोट्या होड्या) घेतल्या, वर्षभर इकडच्या तलावांवर हात बसवला आणि डिसेंबरात गाडीच्या टपावर बांधून थेट मालवणजवळचं देवबाग गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ टाकून परत येत होतो, तेव्हा किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं दोन ठिकाणी उभी राहून दोर ओढत होती. आमचं सामान त्यांच्या बरोबर मधल्या वाळूवर ठेवलेलं, म्हणून आम्ही तिथंच कयाक लावल्या. एक म्हातारे गृहस्थ असे काही भडकले की आम्हाला बोलायलाच सुचेना. समुद्र तर सगळ्यांचा आहे ना? मग एवढं चिडावं काहून?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : चूक तुमची होती, भाऊ. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

माझं माहेर देवबागच्याच बाजूचं. लग्न होऊन प्रतापनगरला आले त्याला 31 वर्षं झाली, पण वर्षातून एकदा माहेरी जाऊन मुलाबरोबर कयाकवरून गळ टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझे बाबा रापणीत वाटेकरी होते, त्यामुळे तुम्ही काय मोडलंत ते मला पत्र वाचतानाच दिसलं.

तुम्ही पाहिलीत ती रापण. एका दोराचं टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतं आणि होडी जाळं सोडत सोडत समुद्रात जाते. अर्धगोल घेऊन ती थोड्या अंतरावर परत वाळूला लागते, आणि मग दोन्ही बाजूंची माणसं दोर ओढायला लागतात. ओढायला दोन-दोन तास जातात. त्याच्या आधी कुणीतरी उभं राहून पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहत राहिलेलं असतं, थवा किनाऱ्याजवळ यायची वाट बघत. कधी बांगडा येतो, कधी तारली, कधी दोर ओढून ओढून हाताची सालटी निघतात आणि जाळ्यात टोपलीभरही मासळी नसते. तुम्ही त्या अर्धगोलाच्या आत शिरलात. वल्ह्याच्या चार फटक्यांनी बांगड्याचा थवा उधळतो, आणि जाळं पूर्ण बंद झालेलं नसेल तर मोकळ्या बाजूने निघून जातो. तीस घरांची त्या दिवशीची मिळकत तुमच्या कयाकखालून गेली असेल. गेलीच असेल असं मी म्हणत नाही, पण त्या म्हाताऱ्या काकांना नेमकी तीच भीती वाटली.

आपल्याकडचंच बघा. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे मासेमारीचा ठेका असतो. तिथं डोंग्यावर जाळं घेऊन बसलेल्या माणसाला न विचारता तुम्ही गळ टाकाल का? टाकणार नाही, कारण तलावाला काठ दिसतो आणि संस्था कुणाची ते माहीत असतं. समुद्राला काठ एकाच बाजूला असतो म्हणून तो मोकळा वाटतो. प्रत्यक्षात रापण कुठे लागते, कांडाळी म्हणजे तरंगती जाळी कुठे सोडतात, कुठला खडक कुणी शोधलाय, हे सगळं गावात ठरलेलं असतं. कागदावर नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं असतं. त्यातून ही माणसं आधीच कोंडीत आहेत. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध ते वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे 2016 साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. दिवे लावून करायच्या मासेमारीवर 2017 साली केंद्राने बंदी घातली, तरी तक्रारी चालूच आहेत. अशा किनाऱ्यावर बाहेरगावची चार पोरं हसत खेळत जाळ्यात शिरली, तर समोरच्याचा तोल जाणारच.

आता काय करायचं ते सांगते. पाण्यात उतरायच्या आदल्या संध्याकाळी वाळूवर जा. जाळी सोडवत बसलेली माणसं दिसतील. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “काका, उद्या सकाळी आम्ही इथून उतरलो तर चालेल का? जाळी कुठे आहेत?” मला आजवर एकदाही कुणी तोंड फिरवून उत्तर दिलेलं नाही. उलट वारा कधी फिरेल, ओहोटीत खाडीच्या मुखाशी का जायचं नाही, असं न विचारलेलंही सांगतात. रापण चालू असताना तुम्ही समुद्रात असाल तर जाळ्याच्या बाहेरून, लांबून वळसा घ्या आणि पलीकडे उतरा, किंवा बाहेरच थांबा. उतरलात की चप्पल बाजूला ठेवून दोराला हात लावा. आमच्याकडे दोर ओढणाऱ्याला कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. पण माशांसाठी म्हणून ओढू नका, त्या काकांसाठी ओढा. पुढच्या खेपेला गेलात की त्यांना शोधून काढा आणि सांगा, की गेल्या वेळी आम्हाला कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, रापणीहून जास्त वेळा घडणारी. तरंगत्या जाळ्याच्या टोकांना बोये, म्हणजे तरंगत्या खुणा असतात, त्यावर कधी बावटा, कधी नुसताच थर्माकोलचा तुकडा किंवा तेलाचा रिकामा कॅन. नवख्याला एक बोया दिसतो. त्याला वाटतं, बोया चुकवला की झालं. बाबा मला म्हणायचे, “पयलो बोयो दिसलो की दुसरो सोध. दोनय गावल्याशिवाय वल्ही मारू नको.” दोन बोयांच्या मध्ये शेकडो मीटर जाळं असू शकतं, पाण्याच्या वरच्या थरात पडद्यासारखं उभं. तुमची कयाक चार बोटं पाण्यात असते, ती वरून जाईलही. पण मागे सोडलेला गळ, सुकाणू आणि पायडलच्या पाती जाणार नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्याच वर्षी माझा गळ असाच एका कांडाळीत अडकला. मी घाबरून दोरी ओढली, जाळं हातभर वर आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तीन आस, म्हणजे जाळ्याची घरं, फाटले. तंगुसाची ती बारीक निळी दोरी तुटताना कसला आवाजही होत नाही. मालक कोण ते गावात विचारत गेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. माझ्या मुलाला समोर बसवलं, जाळं ताणून धरायला लावलं, आणि सुईने एकेक आस परत विणला. दुपार गेली त्यात. मुलगा तेव्हा नववीत होता, आता कामाला लागलाय, पण बोया दिसला की अजून वल्हं थांबवतो. तुमचा गळ अडकला तर जाळं उचलू नका. आपली दोरी शक्य तितकी गळाजवळ कापा, जागा लक्षात ठेवा आणि किनाऱ्यावर जाऊन सांगा. न सांगितलेला गळ जाळं ओढणाऱ्याच्या तळहातात घुसतो.


प्रश्न : माझे मिस्टर आणि धाकटे दीर दोघेही कयाकवरून मासेमारी करतात. दिवाळीनंतर कोकणात गेलो असताना दिरांना मोठी सुरमई लागली. मिस्टर मदतीला म्हणून जवळ गेले, दोघांच्या दोऱ्या गुंतल्या आणि मासा सुटला. तेव्हापासून दोघांत अबोला आहे. मदत करणं चूक आहे का?
— एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : भावजींची बाजू घेते आहे, मिस्टरांना वाईट वाटू देऊ नका. ते प्रेमाने गेले, पण मोठा मासा लागलेल्या कयाकजवळ जाण्यासारखी अडचण दुसरी नाही.

सुरमई लागली की रीळ एकदम किंचाळल्यासारखी फिरते आणि दोरी पाणी कापत जाते, तिच्यावरून थेंबांची बारीक रांग उडते. मासा कयाकलाच ओढत नेतो. तो डावीकडे वळेल की तळाखालून जाईल, हे गळ धरणाऱ्यालाही माहीत नसतं. अशा वेळी बाकीच्यांनी पहिल्यांदा आपल्या दोऱ्या गुंडाळून घ्यायच्या, मग बाजूला व्हायचं आणि त्याच्या मागच्या अंगाला राहायचं. मासा आणि माणूस यांच्या मध्ये कधीच यायचं नाही. त्याने हाक मारली तरच जवळ जायचं. फोटो मासा कयाकवर आल्यावर काढता येतो.

चालत्या कयाकमागे आमिष ओढत असाल तर ते तीस-चाळीस मीटर मागे असतं हे दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून कुणाच्या मागून जायचं झालं तर भरपूर लांबून जा, आणि वळताना आतून कापू नका. एखाद्या खडकावरून सगळे वाहत वाहत गळ टाकत असतील, तर शेवटी पोचल्यावर खडकाच्या वरून वल्हवत परत येऊ नका. बाहेरून मोठा फेरा घेऊन पुन्हा वरच्या बाजूला, रांगेच्या शेवटी या. हा फेरा मारायचा कंटाळा करणारा माणूस मी पुढच्या वेळी बरोबर घेत नाही.

घरातला अबोला सोडवायचा तर मिस्टरांनी भावाला एक चांगली तारेची लीडर, म्हणजे गळाजवळ बांधायचा तारेचा तुकडा, आणून द्यावी. सुरमईचे दात साध्या दोरीला ठेवत नाहीत, त्यामुळे ती भावजींना लागणारच आहे.


प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत मासे छान लागतात म्हणे. कयाक नेऊ का? आणि सुट्ट्या जूनमध्येच मिळतात, तेव्हा गेलं तर?
— एक वाचक, कामठी रोड

उत्तर : तिथं गळ नेऊ नका. तो भाग 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. अभयारण्य साधारण 29 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा गाभा नेमका किल्ला आणि पद्मगडाच्या भोवती आहे. जूनचं तर नावच काढू नका. राज्यात यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी 1 जूनला सुरू होते, माशांच्या विणीचा तो काळ. छोट्या वल्ह्याच्या होड्यांना बंदीतून सूट असते, पण त्या दिवसांतल्या लाटांमध्ये जन्मभर दर्यावर काढलेली माणसंही होडी वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. तुम्हीही सुट्टी पुढे ढकला.


प्रश्न : मोठ्या बोटी आम्हाला बघतच नाहीत, अगदी जवळून जातात. वल्ह्याच्या होडीला आधी वाट द्यायची असते ना?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : हा समज घेऊन समुद्रात जाऊ नका. कयाकमध्ये बसल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून हात-दीड हात वर असतात, म्हणजे तुमचं क्षितिजच तीन किलोमीटरच्या आत संपतं. लाटेच्या खळग्यात गेलात की तुम्ही समोरच्याला दिसतच नाही, आणि सकाळी सूर्य तुमच्या मागे असेल तर डोळ्यांवर तिरीप येऊन तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, नुसतं चमकतं पाणी दिसतं. ट्रॉलर जाळं ओढत असेल तर त्याला चटकन वळताही येत नाही.

समुद्रात टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. अरुंद वाटेतूनच ज्या जहाजाला जाता येतं, त्याला 20 मीटरपेक्षा लहान नौकेने अडवायचं नाही. त्या वाटेतून जाणाऱ्या कुणालाही मासेमारी करणाऱ्यानेही अडवायचं नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी पर्यटकांच्या आणि मासेमारीच्या बोटींची सारखी ये-जा असते. तिथं वाटेच्या मध्ये नांगर टाकून बसू नका, कडेला राहा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात, लवकर ओलांडा. कयाकवर माणसाच्या डोक्याच्या वर येईल असा भगवा किंवा नारिंगी बावटा लावा. गळ्यात शिट्टी हवी, अंगात जॅकेट हवंच. वल्ह्याच्या होडीवर दुसरे दिवे नसतील तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवायची आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवायची, असंही तेच नियम सांगतात. अंधारात मात्र मी स्वतः जात नाही, मुलालाही जाऊ देत नाही.


प्रश्न : एका स्थानिक काकांनी आम्हाला एक खडक दाखवला. तांबोशी, गोब्रा, एकाहून एक मासे मिळाले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या जागेचं लोकेशन टाकलं तर काय हरकत आहे? ग्रुपमध्ये सगळे नागपूरचेच आहेत.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : टाकू नका. टाकलं असेल तर आजच काढा आणि काकांना फोन करा.

त्यांनी तो खडक कसा शोधला असेल ते सांगते. आमच्या शेजारच्या काकांकडे फोनमधले नकाशे यायच्या कितीतरी आधीपासून खुणा होत्या. देवळाचा कळस दोन उंच माडांच्या बरोबर मध्ये आला पाहिजे, ही एक खूण. दुसऱ्या बाजूला डोंगराचा उतार एका घराच्या कौलांवर टेकलेला दिसला पाहिजे. दोन्ही एकदम जुळल्या की खाली खडक. ही जोडी सापडायला त्यांना कित्येक हंगाम लागले. गळाचं वजन तळाला लागल्यावर हाताला जो ठणका येतो, त्यावरून ते खाली वाळू आहे की दगड हे ओळखायचे. मग त्यातला एक माड वादळात पडला, तेव्हा त्यांनी नवी खूण बसवायला पुन्हा वर्ष घातलं.

मला त्यांनी ती जागा दाखवली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. होडीत त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त बोटाने कळस दाखवला आणि मग माड. तुमच्या ग्रुपवर शंभर माणसं असतील, त्यातली दहा जरी गेली तरी गोब्र्यासारखा एका कपारीला धरून राहणारा मासा तिथून लवकर संपतो. आणि दुसऱ्या दिवशी काका गळ घेऊन त्याच खडकावर जाणार असतात.

माझ्या मुलाने खूप वेळा विचारलं होतं. तो खडक मी त्यालासुद्धा काकांना विचारून, ते बरं म्हणाल्यावरच दाखवला.