बोटं हलतात, म्हणून हाड शाबूत?

प्रश्न: डॉक्टर, सोमवारी माझ्या सासूबाई (वय 66) मागच्या दारच्या शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घसरल्या. हात टेकला म्हणून डोकं वाचलं, पण मनगट सुजलं आणि वाकडं दिसू लागलं. बोटं हलत होती, त्यामुळे हाड मोडलेलं नाही असं सगळ्यांचं मत पडलं. गावातल्या हाडवैद्यांनी लेप लावून कामट्या घट्ट बांधल्या. आज तिसरा दिवस. बोटं फुगली आहेत, त्या रात्रभर कण्हतात. पट्टी सैल केली तर हाड सरकेल का?
– एक सून, डिचोली

उत्तर: ताई, तुमचा ईमेल वाचून मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. ते बोलणं तुमच्या संमतीने इथे लिहिते, कारण पावसाळ्यात अशी मनगटं माझ्याकडे ओळीने येतात.

फोनवर मी हाडाचं काही विचारलंच नाही. बोटं गरम आहेत की गार? नख दाबून सोडलं की गुलाबी रंग परत येतो का? मुंग्या येतात का? आणि तुम्ही त्यांची बोटं हळूच सरळ केलीत तर त्या कळवळतात का? सासूबाईंची बोटं कोमट होती, रंग परत येत होता, पण मुंग्या येत होत्या. म्हणून पट्टी कात्रीने लांबीभर कापायला सांगितली, आतल्या कापसासकट, आणि हात उशीवर छातीच्या पातळीत ठेवून थेट म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जायला सांगितलं. पट्टी कापल्यावर हाड थोडं सरकलं तर ते पुन्हा बसवता येतं. रक्ताविना मेलेला स्नायू मात्र कोणालाच परत आणता येत नाही, आणि त्याला मरायला सहा तास पुरतात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं आहे. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या फणसावरून पडला आणि कोपराच्या जरा वर हाड मोडलं. ज्यांच्याकडे नेलं त्यांनी हात आवळून बांधला आणि सांगितलं, "हाड जुळताना दुखायचंच." आईने विश्वास ठेवला. त्याला मांडीवर घेऊन तिने रात्र काढली. पहाटे त्याचं रडणं थांबलं तेव्हा आम्हाला वाटलं, आराम पडला. खरं तर हात बधिर झाला होता. आज तो 45 वर्षांचा आहे. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळलेली आहेत, शर्टाची बटणं तो डाव्या हाताने लावतो. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी हे व्यंग आणि घट्ट पट्ट्या यांचा संबंध 1881 मध्येच लिहून ठेवला होता. आमच्या गावापर्यंत तो पोचला नव्हता. म्हणून सांगते, बांधल्यावर वेदना उतरायला हवी. ती तासागणिक चढत असेल तर पट्टी हाडवैद्याची असो की प्लास्टर माझं असो, सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता या.

आता बोटांविषयी. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात. खालचं हाड मोडलं तरी दोऱ्या ओढल्या जातात, बोटं हलतात. त्यावरून हाडाची परीक्षा होत नाही. आकार बघा. तळव्यावर भार देऊन पडलेल्या बाईचं मनगट बाजूने पाहिलं की उपड्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसतो. आयर्लंडच्या अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचं वर्णन 1814 मध्ये केलं, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षं आधी, नुसतं बघून आणि चाचपून. आपल्याला एवढं कौशल्य नको. वाकडेपणा दिसला की एक्स-रे, इतकंच पुरे.

इस्पितळात सासूबाई बांगड्या वाढवायला तयार नव्हत्या, असं तुम्ही नंतर सांगितलंत. त्यांची भावना मला कळते, माझी आईही तशीच अडून बसली असती. पण सूज चढल्यावर काकण आणि अंगठी हाताला फास लावतात. पडल्याबरोबर साबण लावून काढता आली, तर काचेला हातोडी लागत नाही.

एक्स-रेत मोड निघाली, भूल देऊन हाड बसवलं, प्लास्टर साधारण सहा आठवडे राहील. बोटं, कोपर आणि खांदा मात्र आजपासून हलते ठेवा. नाहीतर मनगट जुळतं आणि खांदा आखडतो. प्लास्टर निघाल्यावर इथेच थांबू नका. उभ्या उंचीवरून पडून 66 व्या वर्षी हाड मोडतं, तेव्हा ते आधीच ठिसूळ झालेलं असण्याची दाट शक्यता असते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. उपचार न घेतलेल्या अशा बायका मी पुढे खुब्याचं हाड मोडून येताना पाहिल्या आहेत. तेव्हा पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलेलं असतं, आणि अंथरूण धरायचा धोका खरा असतो.

आणि त्या चिऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ खरवडून काढा. या आठवड्यातच.

प्रश्न: माझा 17 वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. काल ओल्या मैदानावर त्याचा घोटा मुरगळला. खूप सुजलाय, पण लंगडत घरी आला. एक्स-रे हवाच का? आजी गरम खोबरेल तेलाने चोळते आहे.
– एक वडील, कुडचडे

उत्तर: आजींना थांबवा, हळुवारपणे. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेक दोन्ही नको, त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी 15–20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच.

एक्स-रेसाठी 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे तयार झालेले नियम मी रोज वापरते. सुजेवर जाऊ नका, ती साध्या मुरगळण्यातही भरपूर येते. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, खालून सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबा. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध बाहेर येणारं हाड आणि पावलाच्या आतल्या बाजूचा कमानीवरचा उंचवटा दाबा. यांपैकी कुठे हाडावरच दुखलं, किंवा मुलाला लंगडतसुद्धा चार पावलं टाकता येत नसली, तर एक्स-रे काढा. नाहीतर थांबायला हरकत नाही. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, तर मात्र दाखवा.

तुमच्या मुलाच्या संघातल्या गोलकीपरसाठीही एक गोष्ट सांगते. हातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जी खळगी दिसते तिथे दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी मनगट आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढा. तिथलं छोटं हाड सुरुवातीला मोड लपवतं, आणि त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने दुर्लक्षित राहिलं तर जुळतच नाही.

प्रश्न: आमच्या कुळागरात पाडेली (नारळ काढणारा) माडावरून पडला तर त्याला कसं उचलावं?
– एक बागायतदार, फोंडा

उत्तर: उचलू नका. दोघांच्या मध्ये दुचाकीवर बसवून तर मुळीच नेऊ नका. मणका मोडला असेल तर त्या एका उचलण्यात पाय कायमचे जातात. 108 ला फोन करा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं सरळ, स्थिर धरावं. पाणी, चहा काही पाजू नका, शस्त्रक्रिया लागू शकते. जखमेतून हाड दिसत असेल तर हळद किंवा माती न लावता स्वच्छ ओलं फडकं झाका, ते आत ढकलू नका. मांडी फुगत चालली असेल तर फोनवर तसं आवर्जून सांगा, मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं. आणि एका माणसाला लगेच रस्त्यावर पाठवा. कुळागराची वाट रुग्णवाहिकेला सापडत नाही.