वाचकांचे प्रश्न : फ्रँकलिन बाप-लेकाचं भांडण

प्रश्न : शंभर डॉलरच्या नोटेवरच्या बेंजामिन फ्रँकलिनने मृत्युपत्रात मुलाला काहीच ठेवलं नाही, असं वाचलं. मुलगा वाया गेलेला होता का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाया गेलेला? छे! विल्यम फ्रँकलिन न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, 1763 पासून. ब्रिटिश राजाने नेमलेला, आणि ती नेमणूक झाली त्यात बापाच्या लंडनमधल्या ओळखींचा हात होताच. आकाशातली वीज तपासायच्या 1752 च्या त्या प्रसिद्ध पतंगाच्या प्रयोगातही तो बापासोबत होता. चित्रांत त्याला लहान पोर दाखवतात. प्रत्यक्षात तो विशीतला तरुण होता. विल्यम लग्नाबाहेरचा मुलगा. त्याची आई कोण, हे बापाने कधी उघड केलं नाही. त्याला वाढवलं फ्रँकलिनची बायको डेबोरा हिने.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा बाप बंडखोरांत आणि मुलगा राजनिष्ठ. 1776 मध्ये विल्यमला अटक झाली. कैदेत असताना बायको मरणाला टेकली. तिला भेटायची परवानगी त्याने मागितली, काँग्रेसने, म्हणजे बंडखोरांच्या प्रतिनिधी-सभेने, नाकारली. 1777 मध्ये ती गेली.

1783 मध्ये पॅरिसला इंग्लंडबरोबर तह झाला. त्यावर सही करणाऱ्यांत हाच फ्रँकलिन होता. पुढच्या वर्षी विल्यमने समेटाचं पत्र पाठवलं. बापाने उत्तरात लिहिलं, की म्हातारपणी एकुलत्या एका मुलाने मला सोडलं, याइतकं दुःख मला दुसऱ्या कशाने झालं नाही.

हे वाचून मी नेहमी अडखळतो. कारण डेबोरा डिसेंबर 1774 मध्ये फिलाडेल्फियात वारली, तेव्हा फ्रँकलिन दहा वर्षं सलग लंडनला होता. तिला समुद्राची धास्ती, म्हणून ती गेली नाही. आणि याचं काम काही संपेना. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला तरी हा परतला नाही. अंत्यविधीला कोण गेलं? विल्यम. ‘माझ्या बिचाऱ्या म्हाताऱ्या आईच्या’ अंत्यविधीला आलो, असं त्याने बापाला कळवलं, आणि हेही, की तुम्ही या हिवाळ्यात आला नाहीत तर पुन्हा भेट होणार नाही, असं ती म्हणत होती. कोणी कोणाला सोडलं, तुम्हीच ठरवा.

1785 मध्ये दोघं इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला भेटले. समेट कसला, व्यवहारच झाला! न्यू जर्सीतली शेती विल्यमने खरेदीपेक्षा कमी भावात स्वतःच्याच मुलाला, टेंपलला विकायची, आणि त्या रकमेतून विल्यमने बापाला द्यायचं असलेलं जुनं देणं वळतं करायचं. मृत्युपत्रात ‘काहीच नाही’ असं मात्र नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातली जमीन, आधीच त्याच्या ताब्यात असलेली पुस्तकं-कागद, आणि एक टोमणा : गेल्या युद्धात तो माझ्याविरुद्ध कसा वागला हे जगजाहीर आहे, ज्या मालमत्तेला तो मला मुकवायला निघाला होता, त्यातलं जास्त त्याला का देत नाही, हे त्यावरून कळेल.

प्रश्न : मग संपत्ती कोणाला गेली? आज वंशज आहेत का?
– त्याच वाचकांकडून

उत्तर : बरीचशी मुलगी सॅली आणि जावयाला. जावयाला अट होती : बॉब नावाच्या स्वतःच्या गुलामाला मुक्त करायचं. सॅलीला फ्रान्सच्या राजाचं 408 हिऱ्यांनी मढवलेलं चित्र मिळालं; त्या हिऱ्यांचे दागिने करू नकोस, अशी बापाची विनंती. तिने दागिने केले नाहीत. काही हिरे विकले आणि नवऱ्यासोबत इंग्लंड पाहून आली. मला ही बाई फार आवडते. आजचे वंशज तिच्याकडूनच. फ्रँकलिनचा धाकटा मुलगा फ्रँकी चार वर्षांचा असताना 1736 मध्ये देवीने गेला, आणि त्याला देवी टोचून घेतल्या नाहीत याची खंत फ्रँकलिनला जन्मभर राहिली.

बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी 1000 पौंड ठेवले होते. पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना 5 टक्के व्याजाने कर्ज द्यायचं, दोनशे वर्षं. फिलाडेल्फियात आपला छापखाना दोन मित्रांच्या उसन्या पैशांवर उभा राहिला, हे कारणही त्याने तिथेच लिहून ठेवलंय. मुदत 1990 च्या सुमारास संपली, तेव्हा बॉस्टनच्या निधीत जवळपास 50 लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या निधीत त्याच्या निम्म्याहून कमी.