पेन्शनच्या पडताळणीत चुकीचा शेरा पडला असल्यास तक्रार कशी करावी?

आपण विचारले आहे की, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आपल्या आत्याची संध्या सुरक्षा पेन्शन (कर्नाटक सरकारची वृद्धांसाठीची पेन्शन) पडताळणीनंतर बंद झाली, नोंदीत ‘मुलासोबत राहतात, मुलगा सांभाळतो’ असा शेरा आहे, प्रत्यक्षात मुलगा कित्येक वर्षे पुण्यात असून घरी पैसेही पाठवत नाही, तर दाद कुठे आणि कशी मागावी. बेळगाव व निपाणी भागातील वृद्धांचे आणि विधवांचे असे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देत आलो आहे, त्या आधारे सांगतो.

तक्रार लिहिण्याआधी नोंदीची प्रत हातात घ्या. कचेरीत कोणीतरी तोंडी सांगितलेल्या कारणावर अर्ज लिहिला, तर नेमका कोणता मजकूर खोडून काढायचा हेच ठरत नाही. नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या (काही गावांच्या महसुली गटाच्या) कार्यालयात, मागून प्रत मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, 2005 खाली तहसीलदार कार्यालयाकडे पडताळणी अहवाल, त्यासोबतचा पंचनामा आणि पेन्शन बंद केल्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अशा अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असते, त्यामुळे गाऱ्हाणे त्यात घालू नये, फक्त कागद मागावेत. बीपीएल कुटुंबाला शुल्क लागत नाही. 30 दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करता येते.

प्रत आली की ओळीने वाचा. निपाणीकडील एका विडी कामगार विधवेच्या नावापुढे ‘पुनर्विवाह’ असा शेरा पडून तिची पेन्शन थांबली होती. यादीची प्रत पाहिल्यावर दिसले की, लगतच्याच ओळीत त्याच नावाची, त्याच आडनावाची दुसरी बाई होती आणि शेरा एक ओळ खाली सरकला होता. ती विडी कामगार विधवा तोवर गावभर खुलासे देत फिरत होती. एका ओळीच्या चुकीने माणसाच्या अब्रूवर बेतते, म्हणून या कामात मला कोणतीही नोंद किरकोळ वाटत नाही.

आपल्या आत्याच्या शेऱ्यात दोन वेगळी विधाने आहेत आणि त्यांना उत्तरही वेगवेगळे द्यावे लागेल. ‘मुलासोबत राहतात’ ही तपासता येणारी बाब आहे: रेशनकार्ड, मुलाचा पुण्यातील पत्ता असलेला कागद, शेजाऱ्यांचे सहीनिशी जबाब यांनी ती खोटी ठरते. ‘मुलगा सांभाळतो’ हा मात्र पडताळणीला आलेल्या माणसाने काढलेला निष्कर्ष आहे. तो कोणाला विचारून काढला, त्या वेळी आत्या घरी होत्या का, पंचनाम्यावर कोणाच्या सह्या किंवा अंगठे आहेत, हे अर्जात स्पष्ट विचारावे. शिवाय 2007 पासूनच्या या योजनेत 65 वर्षे वयाबरोबर अर्जदार आणि जोडीदार यांचे उत्पन्न पाहिले जाते. मुलाला पगार आहे एवढ्यावरून पेन्शन बंद करणे योग्य नाही, हेही मांडावे.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करून त्याची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना द्यावी. संविधानाच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरी सोबत कानडी प्रत जोडावी असे मी सर्वांना सांगतो, कारण टिपणी कानडीतच लिहिली जाते आणि आत्याचे म्हणणे त्यात जसेच्या तसे उतरले पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कानडी, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा. तलाठ्यावर आरोप करू नयेत. तसे केले की चौकशी तलाठ्याची सुरू होते आणि नोंद तशीच राहते. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आपल्या होबळीत पेन्शन अदालत भरणार असेल, तर आत्यांना घेऊन तिथे जावे. त्या स्वतः समोर असल्या की फेरपडताळणीचा निर्णय लवकर होतो.

मागणी लिहिताना ‘पेन्शन सुरू करावी’ एवढेच लिहून थांबू नका. चुकीचा शेरा रद्द करावा, दुरुस्तीची तारीख व कारण फाइलमध्ये नोंदवावे, आणि बंद झालेल्या महिन्यापासूनची थकबाकी द्यावी, अशा तिन्ही मागण्या ठळक लिहाव्यात. आदेश निघाल्यावर संगणकातील नोंदही बदलली का, ते नाडकचेरीत पाहून घ्या, कारण कागदावर दुरुस्त झालेला शेरा संगणकात तसाच राहिला, तर पुढच्या पडताळणीत आत्यांचे नाव पुन्हा त्याच कारणाने गळते.